बायनाबाई मीटिंगला गेल्याच नव्हत्या

घाटनांदूर,
४ मार्च २०१९

आदरणीय ठकार मॅडम,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही. ईमेलला तुमची नवी साहाय्यक 'मॅडम प्रवासात आहेत' एवढंच कळवते. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. पोचपावतीवर कुणाची तरी सही येईल, म्हणजे पत्र मिळालंच नाही असं तरी कुणाला म्हणता येणार नाही. हे उर्मट वाटत असेल तर वाटू द्या. तुमच्या हाताखाली पाच वर्षं पीएच.डी. करताना मी इतकी नम्र होते की त्यातली थोडी नम्रता कमी झाली तरी माझ्याकडे भरपूर उरते.

मुद्द्याचं लिहिते. आपला २०१७चा शोधनिबंध मागे घ्यायचा आहे. तोच, 'बोलत्या झालेल्या', ज्यावर पहिलं नाव तुमचं आणि दुसरं माझं आहे. आमच्या बोरवाडीच्या जोगाई महिला दूध संस्थेची अकरा वर्षांची इतिवृत्तं, म्हणजे मीटिंगमध्ये कोण काय बोललं त्याच्या वह्या, मी तुमच्याकडे पुण्याला घेऊन आले होते. सूचना किती बायकांनी मांडल्या, अनुमोदन किती जणींनी दिलं, हरकत कोणी घेतली, हे मी मोजलं. त्या मोजणीला तुम्ही सिद्धान्त दिलात. ग्रामीण स्त्री सहकारातून बोलायला लागली, असा.

गेल्या रविवारी गावी गेले होते. यंदा विहिरींनी दिवाळीतच तळ दाखवला. निम्म्या गावाची जनावरं माळावरच्या चारा छावणीत आहेत आणि त्यांच्यामागं बायाही तिथंच. बायनाबाईंनी मला बघितलं आणि हाताला धरून बाजेवर बसवलं. बायनाबाई म्हणजे आपल्या निबंधातल्या 'बा. स.'. तुम्ही ज्यांच्या बोलण्यावर दीड पान लिहिलंत त्या.

"द्वारके, तुज्या पुस्तकात म्या लई बोलले म्हणं?"

"हो, मावशी."

"काय बोलले गं?"

मी सांगितलं. दूध थंड ठेवायचा बल्क कूलर गावाबाहेर सुंदररावांच्या गोठ्याशेजारी न बसवता डेअरीजवळच बसवावा. दुधाचं पेमेंट बाईच्या हातात द्यावं. दूध मापताना बाईला समोर उभं राहू द्यावं. त्या मन लावून ऐकत होत्या. मधेच "बरं बोलले की" असंही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पर म्या तर मीटिंगला कदीच गेले न्हाई. धार काडायची येळ आन् मीटिंगची येळ एकच. रामकिसनभाऊ वही घेऊन डेरीवर यायचे, म्या अंगठा द्यायची."

रामकिसनभाऊ म्हणजे माझे वडील, संस्थेचे सचिव. ते सचिव होते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आता हे का तातडीचं आहे ते सांगते. महिला संस्था सुंदररावांच्या मोठ्या दूध संस्थेत विलीन करायचा ठराव डिसेंबरमध्ये झाला आहे, निदान वहीत झाला आहे. बायकांना तो कळला तेव्हा बल्क कूलर उचलायला टेम्पो दारात आला होता. बायनाबाई आणि आणखी चौदा जणींनी तक्रार केली. २६ एप्रिलला बीडला सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढं सुनावणी आहे. सुंदररावांच्या वकिलानं आपला निबंध मराठीत करून फाईलला जोडला आहे. त्याचं म्हणणं असं, की पुण्याच्या प्राध्यापिकेनंच लिहिलंय, या बाया घडाघडा बोलतात, हरकती घेतात. मग ठराव माहीत नव्हता हे खोटं नाही का?

आपण निबंधात गावाचं नाव लपवलं होतं, मॅडम, आणि शेवटी आभारात 'बोरवाडीच्या सर्व भगिनी' असं छापलं होतं. वकिलाला शोधायला त्रास पडला नाही.

आपल्या दोघींच्या सहीचं एक पत्र संपादकांना गेलं पाहिजे, आणि त्याची प्रत सुनावणीत दाखल झाली पाहिजे. मसुदा सोबत जोडला आहे.

आपली विद्यार्थिनी,
द्वारका सानप


घाटनांदूर,
२२ मार्च २०१९

मॅडम,

तुमचं उत्तर आलं. साहाय्यकेच्या ईमेलवरून का होईना, आलं.

तुम्ही लिहिता, 'इतिवृत्त हे एक पाठ्य आहे. ते कोणी लिहिलं हा आपला प्रश्न नव्हता. आपण भाषेचा अभ्यास केला, व्यक्तींचा नाही.' दोन वर्षांपूर्वी हे वाक्य मला इतकं आवडलं असतं की मी ते वहीत उतरवून घेतलं असतं. आता विचारते, व्यक्तींचा अभ्यास नव्हता तर शीर्षकात 'बोलत्या झालेल्या' कोण होत्या? शेवटच्या परिच्छेदात 'या स्त्रियांचा आवाज प्रथमच ऐकू येतो' हे तुम्ही स्वतःच्या हातानं घातलंत. मी तेव्हा 'नोंदींवरून असं दिसतं' असं लिहिलं होतं, ते मिळमिळीत आहे म्हणून तुम्ही खोडलंत. खोडलेली प्रत माझ्याकडे आहे.

दोन परीक्षकांनी निबंध तपासला होता, असं तुम्ही म्हणता. तपासला खरा. एकानं संदर्भसूचीतले स्वल्पविराम दुरुस्त केले आणि दुसऱ्यानं स्वतःचे तीन निबंध वाचायला सुचवले. बोरवाडीला येऊन एकाही बाईला 'तुम्ही असं म्हणालात का?' हे त्यांनी विचारलं नाही. तुम्ही विचारलं नाही. मी तर तिथलीच, मीही विचारलं नाही. सगळ्यात जास्त लाज मला वाटायला हवी आणि ती वाटते आहे.

पुढच्या निबंधात 'मर्यादा' या मथळ्याखाली एक ओळ घालू, ही तुमची सूचना. पुढचा निबंध छापून यायला दीड वर्ष लागेल. बल्क कूलर न्यायला दीड तास लागतो.

'वडिलांना विचार, ते वहीची खात्री देतील,' असंही तुम्ही लिहिलंत. विचारलं. दादा ओट्यावर बसून ओल्या फडक्यानं चष्मा पुसत होते. मी म्हटलं, दादा, बाया मीटिंगला येतच नव्हत्या ना?

"कशा येतील? घरचं कोन करंल?"

"मग वहीत खोटं का लिहिलं?"

"खोटं कशाचं? कायद्याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. बाया न्हाई आल्या म्हणून संस्था बंद पाडायची का? आन् म्या त्यायच्या तोंडी काय वंगाळ घातलं? चांगलंच घातलं की!"

मला संताप आला. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी असंही वाटलं की तुमच्यात आणि दादांमध्ये फार फरक नाही. तुम्हीही त्यांच्या तोंडी चांगलंच घातलंत. डिसेंबरचा ठराव मात्र सुंदररावांनी सांगितला आणि दादांनी लिहिला. बायकांच्या नावावर इतकी वर्षं चांगलं लिहायची सवय असली की एक दिवस वाईट लिहायलाही हात अडखळत नाही.

शेवटी तुम्ही माझ्या जूनमधल्या मुलाखतीची आठवण करून दिलीत. कायम नोकरीची माझी ही तिसरी मुलाखत आहे, तज्ज्ञ तुमच्या परिचयाचे आहेत, आणि माझ्या नावावर एवढा एकच निबंध आहे. ही धमकी की काळजी हे तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही. मी धमकीच धरते, म्हणजे मला तुमचे आभार मानावे लागणार नाहीत.

सुनावणीला पाच आठवडे उरले आहेत. सही पाठवा.

द्वारका सानप


बोरवाडी,
९ एप्रिल २०१९

मॅडम,

मागच्या दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट लपवली. तुम्ही उत्तर देत नाही ते बरंच आहे, मला एका दमात लिहिता येईल.

वह्या दादांच्या आहेत. पण २००३ ते २००७ या पाच वर्षांतलं अक्षर माझं आहे.

दादांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. तालुक्याच्या कार्यालयानं दोनदा वही परत पाठवली. मी आठवीत होते, माझं अक्षर शाळेत पहिलं यायचं. मग महिन्यातून एकदा दादा वही माझ्यापुढं टाकायचे आणि सांगायचे, "विषय क्रमांक दोन, बल्क कूलरची जागा. सूचक बायनाबाई, अनुमोदक भामाबाई. लिव कायतरी." ते कायतरी मी लिहायचे. दादा वाचत नसत, त्यांना पान भरलेलं हवं असायचं; ते दिसलं की मला शाबासकी मिळायची.

तुम्ही निबंधात 'विनंतीची भाषा: प्रतिकाराचं एक रूप' असा भाग लिहिलात. बोरवाडीच्या बायका मागणी करताना 'तरी कृपया याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं म्हणतात, नम्रतेच्या आडून सत्तेला प्रश्न विचारतात, असं तुम्ही म्हणालात. परिषदेत त्यावर टाळ्या पडल्या होत्या. मॅडम, ते वाक्य मी आठवीच्या पत्रलेखनातून उचललं होतं. मुख्याध्यापकांना सहलीची परवानगी मागणारं पत्र होतं ते.

आणि 'मु. रा.' ही माझी आई, मुक्ताबाई. २००५च्या एका मीटिंगमध्ये त्यांनी हरकत घेतली आहे, 'सचिवांनी डेअरीतला राग घरी येऊन काढू नये.' खासगी आणि सार्वजनिक यांच्यातली भिंत ओलांडणारं विधान म्हणून तुम्ही ते तिरक्या अक्षरांत छापलंत. आई असं कधीही बोलली नाही. त्या आठवड्यात दादांनी तिच्या अंगावर पितळी तांब्या फेकला होता. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते, तर मी ते लिहून टाकलं. दादांनी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच पानावर अंगठा दिला, तिनंही वाचलं नाही, तिला वाचता येत नव्हतं. आई जाऊन आठ वर्षं झाली. तिच्या नावावर जगात एकच वाक्य छापलेलं आहे आणि ते तिचं नाही. हे लिहिताना मला रडू येतंय, त्याला इलाज नाही.

तुम्ही विचाराल, मग वह्या पुण्याला आणल्यासच का? तुम्हाला तीन महिन्यांत निबंध हवा होता आणि माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण जास्त वाईट आहे. तेव्हा लिहिताना मला वाटायचं की या बायांना बोलायला मिळालं तर त्या हेच बोलतील. मोजायला बसले तोवर मी स्वतःला पटवलं होतं, की त्या बोलल्याच असतील, मी फक्त उतरवून घेतलं असेल. तुम्ही वहीवरून बोट फिरवत म्हणालात, "नोंद ठेवणारीही स्त्रीच असावी, अक्षरात केवढा आत्मविश्वास आहे!" मी खाली बघितलं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर हे पुढचं काहीच झालं नसतं.

म्हणून आता दोष कुणाचा हा वाद नको. माझा आहे, लिहून देते. तुमच्यावर फक्त न विचारल्याचा दोष येतो, त्याला सही करायला एवढं जड जाऊ नये. तुम्ही सही करा किंवा करू नका, २६ तारखेला मी बीडला जाणार आहे.

द्वारका


घाटनांदूर,
२ मे २०१९

मॅडम,

तुमची सही आली नाही. सुनावणी झाली.

बायकांनी जीप ठरवली होती, त्यात पंधरा जणी आणि मी. दादा सुंदररावांच्या गाडीतून आले. वकिलानं आपला निबंध हातात धरून चांगला अर्धा तास भाषण केलं. तुमचं नाव चार वेळा घेतलं, माझं एकदाही नाही. एरवी मला याचं वाईट वाटलं असतं. मी उठून म्हटलं, साहेब, या निबंधाची दुसरी लेखक मी. यातलं बायकांचं एकही वाक्य बायकांचं नाही. पाच वर्षांच्या वह्याही मीच लिहिल्या आहेत, शाळेत असताना, घरी बसून. प्रतिज्ञापत्र दिलं. अधिकाऱ्यांनी कोऱ्या कागदावर माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि वहीशेजारी ठेवल्या.

वकील म्हणाला, "म्हणजे बाई, तुम्ही वहीत खोटं लिहिलं, पुस्तकात खोटं लिहिलं, आणि आज तुमचं खरं मानायचं?"

मी म्हटलं, "पहिल्या दोन्ही वेळी मला बक्षीस मिळालं होतं. आज काय मिळणार आहे ते तुम्हीच बघा."

हे मला आधी सुचलं नव्हतं, उभ्या उभ्या सुचलं. पण निकाल माझ्यामुळं लागला असं समजू नका. तो विमलबाईंमुळं लागला. विमलबाई म्हणजे महिला संस्थेच्या अध्यक्ष आणि सुंदररावांच्या पत्नी. त्या आमच्या जीपमध्ये नव्हत्या, नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. अधिकाऱ्यांनी त्यांना सहज विचारलं, ९ डिसेंबरच्या मीटिंगचं अध्यक्षस्थान तुमच्याकडे होतं ना?

त्यांनी पदर सारखा केला. "नऊ तारखंला? त्या दिशी म्या उमापूरला गेलते, सायेब. भाचीचं बारसं व्हतं."

"अगं, आठव जरा!" सुंदरराव म्हणाले.

"आठवून सांगते हाय. बाळंतविडा म्याच नेलता. तुमीच तर म्हणले, दोन दिस ऱ्हा."

विलीनीकरणाला स्थगिती मिळाली. दोन महिन्यांत फक्त सभासद बायकांची सभा घ्यायची, पुरुषांनी आत यायचं नाही, असा आदेश झाला. दादांना सचिवपदावरून दूर केलं आणि वह्यांची चौकशी लावली. ती चौकशी माझ्या कबुलीमुळं लागली, हे मला माहीत होतं आणि तरी मी गेले.

परत येताना दादा आमच्या जीपमध्ये बसले, सुंदररावांनी त्यांना गाडीत घेतलं नाही. गावात उतरताना म्हणाले, "अक्षर कुनाचं हाय ते सांगायची काय गरज व्हती? म्या म्हणलो असतो की माजंच हाय."

त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. पण हे वाक्य ऐकून मी रस्त्यातच उभी राहिले. तुमच्याकडूनही मला असं एखादं वाक्य हवं होतं, मॅडम, एवढंच कळवायचं होतं.

द्वारका


बोरवाडी,
१७ जून २०१९

ठकार मॅडम,

हे शेवटचं पत्र. यात विनंती नाही.

१२ तारखेला मुलाखत झाली. तज्ज्ञांनी विचारलं, "प्रकाशित शोधनिबंध?" मी म्हटलं, "एक. आणि तो मी मागे घेतला आहे." ते म्हणाले, संकेतस्थळावर तर दिसतोय. मी म्हटलं, माझ्याकडून मागे घेतला आहे, तिथून निघायला पहिल्या लेखिकेची सही लागते. त्यांनी फाईल मिटली. नोकरी गेली, म्हणजे आलीच नव्हती. जुलैपासून पुन्हा तासिका तत्त्वावर शिकवेन, मिळतील तेवढे तास. मला पश्चात्ताप होतोय का हे बघायला तुमच्या परिचितांनी दारापर्यंत माझ्याकडे बघितलं. मी दार सावकाश लावून घेतलं.

संपादकांचंही उत्तर आलं आहे. पहिल्या लेखिकेच्या संमतीशिवाय काही करता येत नाही, म्हणतात. ठीक आहे. तुमच्या मासिकाचे वाचक पुण्यात, दिल्लीत आणि परदेशात आहेत. ज्यांच्याविषयी आपण लिहिलं त्यांतल्या एकीनंही ते मासिक पाहिलेलं नाही. त्यांना कळलं पाहिजे, म्हणून मी जाहीर निवेदन मराठीत लिहिलं आणि काल सभेत वाचून दाखवलं.

सभा छावणीतच झाली, पत्र्याच्या शेडमध्ये, धारा काढून झाल्यावर. एकेचाळीस जणी होत्या. मॅडम, त्या आपल्या निबंधातल्यासारखं बोलत नाहीत. एकमेकींना तोडतात, शिव्या देतात, मधेच उठून रेडकाला वैरण टाकून येतात. भामाबाई अर्धा तास फक्त टँकरच्या पाण्याला वास येतो एवढंच सांगत होत्या आणि कुणी त्यांना थांबवलं नाही. बल्क कूलर कुठं ठेवायचा यावर तर हाणामारीच व्हायची बाकी होती. डेअरीजवळच ठेवावा हे माझं मत होतं, पण त्यांनी शाळेच्या मागं न्यायचं ठरवलं, तिथं बोअरला अजून पाणी आहे म्हणून. इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. मी मधे बोलायला गेले तर बायनाबाई म्हणाल्या, "तू गप. लई बोललीस तू आमच्या तोंडानं."

मग निवेदन वाचलं. 'प्रस्तुत शोधनिबंधातील काही माहिती अचूक नसल्याचे आढळून आल्याने' अशी सुरुवात केली होती. संपादक मंडळी लिहितात तशी. बायनाबाईंनी हात वर केला.

"अचूक न्हाई म्हंजी?"

"म्हणजे चुकली, मावशी."

"चुकली कशी? चूक व्हते ती नजरचुकीनं व्हते. तुमी तर बसून लिवलं. खोटं हाय ते. खोटं लिव."

मी म्हटलं, मॅडमना ते आवडणार नाही.

"कावून? त्यायला तर बाया बोललेलं आवडतंय म्हणली व्हतीस."

सगळ्या हसल्या, मीही हसले. आणि तिथंच, त्यांच्यासमोर, खोडून लिहिलं. आधीच्या दोन परीक्षकांनी ही दुरुस्ती सुचवली असती तर बरं झालं असतं.

निवेदनाची प्रत सोबत आहे. ते असं:

'आम्ही दोघींनी २०१७ साली जोगाई महिला दूध संस्थेतील बायकांविषयी एक निबंध छापला. त्यात बायका जे बोलल्या असं म्हटलं आहे ते खोटं आहे. त्या बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना बोलावलं नव्हतं. आम्ही त्यांना विचारलं नाही. हा निबंध कुणीही, कुठंही, त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये.'

खाली दोन नावं टाईप केली आहेत, जशी निबंधावर होती तशीच. आधी तुमचं, मग माझं. माझ्या नावापुढं सही आहे.

१ जुलैला ते डेअरीच्या भिंतीवर लागणार, दूध घालायच्या खिडकीशेजारी, सगळ्यांना दिसेल असं. तुमच्या नावापुढची जागा तोवर भरली तर उत्तम. नाही भरली तर तशीच लागेल. वाचता न येणाऱ्या बायांना सही आणि रिकामी जागा यांतला फरक चांगला कळतो. रोज सकाळ-संध्याकाळ त्या तिथं उभ्या असतात, आणि ही दुसरी बाई कोण, तिनं सही का नाही केली, असं त्या विचारतील. मी त्यांना खरं ते सांगेन.

द्वारका मुक्ताबाई सानप